पाण्यावरचा अदृश्य फेस

गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात बोदलकसा नावाचे गाव आहे. त्याच नावाचा एक मोठा तलाव तिथे आहे. मातीचा बांध, भोवती जंगल आणि हिवाळ्यात पाण्यावर उतरणारे पक्षी. हे पक्षी पाहायला लांबून लोक येतात. भंडारा-गोंदियाच्या या पट्ट्याला तलावांचा मुलूख म्हणतात. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव पुढे मालगुजारांकडे गेले, मालगुजारी संपल्यावर 'माजी मालगुजारी तलाव' झाले, आणि या लांबलचक सरकारी नावाचे लोकांनी 'मामा तलाव' करून टाकले. बोदलकसाचा तलाव या मामा तलावांपैकी नव्हे, तो पाटबंधाऱ्याचा. पण मे महिन्यात सगळ्यांची गत एकच असते. पाणी रोज थोडे थोडे खाली उतरते आणि काठाची ओली माती भेगाळत जाते.

हे पाणी जाते कुठे? काही कालव्याने धानाकडे जाते, काही जमिनीत मुरते. पण बराच मोठा वाटा कोणाच्याच कामी न येता वाफ होऊन वर जातो. विदर्भातल्या कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी केवळ बाष्पीभवनाने दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर उतरू शकते. सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल, म्हणून हिशेब करून पाहा. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावरचे एक सेंटिमीटर पाणी म्हणजे शंभर घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर. एका हेक्टरमागे, एका दिवसात.

आता दुसरा हिशेब. सीटिल अल्कोहोल नावाचा मेणासारखा पांढरा पदार्थ आहे. सौंदर्यप्रसाधनांत तो सर्रास वापरतात. त्याचे रेणू पाण्यावर एकमेकांना खेटून उभे राहिले तर प्रत्येक रेणू सुमारे ०.२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) एका चौरस मीटरवर असे ५ × १०^१८ रेणू मावतील, एका हेक्टरवर ५ × १०^२२. एका मोलमध्ये ६ × १०^२३ रेणू असतात आणि या पदार्थाचा रेणुभार २४२ आहे. म्हणजे एक हेक्टर पाणी एकाच रेणूच्या जाडीच्या थराने झाकायला फक्त वीस ग्रॅम पदार्थ पुरेल. चहाचे चार-पाच चमचे, आणि समोर रोजचे लाख लिटर पाणी. हा व्यवहार जमला तर कोणाला नको आहे?

तो जमवण्याचा प्रयत्न जगात अनेक ठिकाणी झाला, पुण्यातही झाला. तो कुठे अडला हे समजून घ्यायचे तर या थराच्या आत काय चालते ते पाहावे लागते. तिथे एक अनपेक्षित गोष्ट दिसते, ती म्हणजे फेस. साबणाच्या फेसासारखाच, पण एका रेणूच्या जाडीचा आणि साध्या डोळ्याला न दिसणारा. या फेसाचा इतिहास कापरापासून सुरू होतो.

स्वच्छ पाण्यावर कापराचा चुरा टाकला की तो गरगर फिरू लागतो, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले असेल. पाण्याला तेलाचे बोट लागले की कापूर गपकन थांबतो. इंग्लंडमधल्या लॉर्ड रॅले यांना प्रश्न पडला, की कापूर थांबवायला किमान किती तेल लागते? १८९० मध्ये त्यांनी ८४ सेंटिमीटर व्यासाच्या, अंघोळीच्या उथळ टबात हे मोजले. उत्तर आले ऑलिव्ह तेलाचे सुमारे ०.८ मिलिग्रॅम. टबाच्या क्षेत्रफळाने भागले तर थराची जाडी १.६ नॅनोमीटर निघते. रेणू खरोखरच असतात की ती केवळ हिशेबाची सोय आहे, याबद्दल मोठमोठे लोक तेव्हा वाद घालत होते. अशा काळात कापूर आणि तेलाने रेणूच्या आकाराचा अंदाज दिला. त्याच्या ११६ वर्षे आधी, १७७४ मध्ये, बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनमधल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतल्यावर सुमारे अर्धा एकर पाणी शांत झाल्याचे लिहून ठेवले होते. पण चमच्याला अर्ध्या एकराने भागण्याचे त्यांना सुचले नाही. भागले असते तर उत्तर दोन-अडीच नॅनोमीटर आले असते. विद्यार्थ्यांना हा भागाकार जरूर करायला द्यावा.

रॅलेंचा निबंध जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे एका बाईंच्या वाचनात आला. त्यांचे नाव आग्नेस पॉकेल्स. जन्म १८६२ चा. मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती, आईवडील आजारी होते आणि घर त्यांच्यावर होते. धाकटा भाऊ फ्रीड्रिख भौतिकी शिकत होता, त्याच्याकडून त्या पुस्तके घेत. भांडी धुताना पाण्यावर पसरणाऱ्या तेलकट पापुद्र्याकडे त्या बारकाईने पाहत असत. वयाच्या विशीच्या सुमारास त्यांनी पत्र्याचे एक पसरट भांडे घेतले, काठोकाठ पाणी भरले आणि त्यावर पत्र्याची अरुंद पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की एका बाजूचा पापुद्रा दाबला जाई, दुसऱ्या बाजूचा सैलावे. पृष्ठताण मोजायला एक छोटी तराजू होती, आणि तिला टांगलेले एक बटण. बटण पाण्यापासून उचलायला किती वजन लागते, त्यावरून ताण काढायचा. त्यांच्या लक्षात आले, की पापुद्रा दाबत नेला तरी एका मर्यादेपर्यंत ताण फारसा बदलत नाही आणि मग एकाएकी झपाट्याने घसरतो. त्या मर्यादेला रेणू एकमेकांना भिडलेले असतात, असे आज आपण म्हणतो.

दहा वर्षे हे काम कोणालाच ठाऊक नव्हते. जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी धीर करून रॅलेंना जर्मनमध्ये पत्र लिहिले. रॅलेंच्या पत्नीने त्याचे भाषांतर केले, आणि रॅलेंनी ते स्वतःच्या शिफारशीसह 'नेचर'कडे पाठवले. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आले. रॅलेंना हा विषय आपल्याच नावावर पुढे नेणे सहज शक्य होते, तसे त्यांनी केले नाही. पुढे अमेरिकेत अर्विंग लँगम्यूर यांनी हेच उपकरण सुधारून १९१७ मध्ये या थरांचे रेणू कसे उभे असतात ते दाखवले. पाणी आवडणारे डोके पाण्यात आणि पाणी नावडणारी शेपटी हवेत. त्यांना १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने पॉकेल्सबाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या. उपकरणाला मात्र आजही बहुतेक ठिकाणी लँगम्यूरचीच द्रोणी म्हणतात.

असा थर बाष्पीभवन रोखतो हे इंग्लंडमध्ये रिडील यांनी १९२५ मध्ये दाखवले. मोठ्या पाण्यावर वापरण्याचा विचार जोर धरू लागला तो १९५० नंतर. ऑस्ट्रेलियात मॅन्सफील्ड यांनी जलाशयांसाठी तो सुचवला. अमेरिकेत १९५८ मध्ये ओक्लाहोमातल्या हेफ्नर तलावावर मोठी चाचणी झाली आणि सुमारे नऊ टक्के बचत झाल्याचा अहवाल आला. प्रयोगशाळेतले आकडे याहून पुष्कळ मोठे होते, त्यामुळे नऊ टक्क्यांनी बऱ्याच जणांची निराशा झाली.

याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत देव, कुलकर्णी, घारपुरे आणि बिस्वास या मंडळींनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी नेहमीच्या मेद-अल्कोहोलांच्या जोडीला अल्कॉक्सी-इथेनॉल नावाची संयुगे तपासली. मेद-अल्कोहोलच्या रेणूला टोकाशी आणखी एक छोटा तुकडा जोडला की हे संयुग होते. त्यांचा एक निबंध १९६२ मध्ये अमेरिकेतल्या भौतिक रसायनाच्या नियतकालिकात आला. त्यात त्यांनी दोन गोष्टी मोजल्या होत्या. थर पाण्यावर किती वेगाने पसरतो ही पहिली. दुसरी, घन पदार्थाचा कण पाण्यावर ठेवला तर त्यातून रेणू निघून पसरणे कोणत्या दाबाला थांबते.

याच दोन गोष्टी का मोजायच्या? बोदलकसाच्या पाळीवर उभे राहून वाऱ्याकडे पाहिले की याचे उत्तर मिळते. वारा थराला ढकलत एका काठाशी नेऊन गोळा करतो आणि मागे पाणी उघडे पडते. ते भरून काढायला नवा थर चटकन पसरला पाहिजे. शिवाय नुसता पसरून भागत नाही, तो घट्ट पसरला पाहिजे. थर सैल असेल तर बाष्पीभवनाला अडथळा जवळजवळ होतच नाही. रेणू दाटीवाटीने उभे राहिले तरच पाण्याच्या रेणूंची वाट बंद होते. वीस ग्रॅमचा आपला हिशेब म्हणून कागदावर बरोबर आणि तलावावर अपुरा ठरतो. थर वाऱ्याने, लाटांनी आणि सूक्ष्मजीवांच्या भुकेने सतत मोडत असतो आणि त्याची पुनःपुन्हा भर घालावी लागते.

आता 'सैल थर' म्हणजे नेमके काय? पूर्वी कल्पना अशी होती, की रेणूंना जास्त जागा दिली तर ते सगळीकडे सारखे विरळ होतात. तसे होत नाही. पाण्यावरचा हा थर दोन मितींतला पदार्थच आहे, आणि आपल्या नेहमीच्या पदार्थांसारख्याच त्याच्याही अवस्था असतात. रेणू दूरदूर, जवळजवळ आडवे पडून भटकत असतील तर ती दोन मितींतली 'वायू' अवस्था. हा वायू हवेत उडत नाही, पाण्याच्या पृष्ठालाच धरून असतो. रेणू जवळ आले की 'द्रव', आणि खेटून उभे राहिले की 'घन' किंवा त्यासारखी घट्ट अवस्था. द्रव थराची जागा हळूहळू वाढवत नेली तर एका टप्प्याला त्यात वायूचे बुडबुडे उमटतात, पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात उमटतात तसेच. जागा आणखी वाढवली की बुडबुडे मोठे होऊन एकमेकांना टेकतात आणि त्यांच्यामध्ये द्रवाच्या बारीक भिंती तेवढ्या उरतात. हाच तो फेस. तलाव राखणाऱ्याच्या दृष्टीने ही थराची फसलेली अवस्था. या वायूच्या बुडबुड्यांत पाणी जवळजवळ उघडेच असते.

एका रेणूच्या जाडीचा फेस पाहायचा कसा? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला याची युक्ती सापडली. थरात शेकडा एक-दोन रेणू प्रतिदीप्त रंगद्रव्याचे मिसळायचे, म्हणजे प्रकाश पडला की स्वतः वेगळ्या रंगात उजळणारे. हे रेणू द्रवात सहज राहतात. विरळ वायूत ते अगदीच थोडे असतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली द्रव उजळ आणि वायू काळा दिसतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स नोब्लर, पॅरिसचे रोंदेले आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये पेंटाडेकॅनॉइक आम्लाच्या थरांचे असे निरीक्षण प्रसिद्ध केले. (पंधरा कार्बनांचे हे मेदाम्ल.) रोंदेले यांच्याबरोबर काही काळ काम केलेले के. ए. सुरेश यांनी पुढे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत अशा थरांचा अभ्यास चालवला. चित्रात दिसत होती काळ्या बहुभुजांची जाळी आणि त्यांच्या उजळ कडा. जाळी स्थिर नव्हती. काही बहुभुज लहान होत नाहीसे होत होते, काही वाढत होते. बघता बघता जाळी विरळ, तिचे घर मोठे.

हे चित्र ज्यांनी पाहिले त्यांच्यातल्या जाणकारांना एक जुनी गोष्ट आठवली. ती समजून घेण्यासाठी आपल्याला चाळीसेक वर्षे मागे, धातूंच्या जगात जावे लागेल.

सिरिल स्टॅन्ली स्मिथ हे धातुशास्त्रज्ञ. युद्धकाळात लॉस अलामॉसमध्ये प्लुटोनियमच्या धातुकामावर होते, नंतर शिकागो विद्यापीठात आले. धातू हा बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या बादलीवर जी फुले दिसतात ते असेच स्फटिककण, फक्त फार मोठे. धातू तापवून ठेवला की मोठे कण लहानांना गिळून वाढतात, आणि त्यावर धातूची ताकद अवलंबून असते. म्हणून स्मिथ यांना कण कसे वाढतात हे पाहायचे होते, पण तापलेल्या धातूच्या आत डोकावणार कसे? त्यांनी दोन काचांच्या फटीत साबणाचा फेस भरला. फट इतकी अरुंद, की बुडबुड्यांचा एकच थर मावावा. मग तासन्‌तास त्याची छायाचित्रे घेतली. हे काम त्यांनी अमेरिकेतल्या धातुतज्ज्ञांच्या एका परिसंवादात मांडले. त्याचा ग्रंथ १९५२ मध्ये निघाला. त्या ग्रंथात स्मिथ यांच्या निबंधावरील चर्चेत एक छोटेसे टिपण आहे. लेखक जॉन फॉन नॉयमन. संगणकाची रचना, पुंजयांत्रिकीचे गणित, खेळांचा सिद्धांत अशा अनेक क्षेत्रांत ज्यांचे नाव घेतले जाते, तेच हे. धातूंशी त्यांचा तसा संबंध नव्हता.

त्या टिपणातला नियम आपण आपल्या वर्गात सिद्ध करू शकतो. दहावीच्या मुलांनाही तो पेलेल.

सपाट फेसात एका कोपऱ्यावर नेहमी तीनच भिंती भेटतात आणि त्यांच्यात प्रत्येकी १२० अंशांचा कोन असतो. तिन्हींचा ताण सारखा असल्यामुळे दुसरा कोन जमतच नाही. (साबणाच्या पडद्यांचे हे नियम बेल्जियमच्या प्लातो यांनी १८७३ च्या ग्रंथात दिले. हे प्लातो स्वतः अंध झालेले होते. प्रयोग इतर करीत, पाहत इतर, आणि निष्कर्ष काढीत हे.) आता एका बुडबुड्याच्या कडेने मुंगी चालते आहे अशी कल्पना करा. पूर्ण फेरी मारून मूळ जागी आली की ती एकूण ३६० अंश वळलेली असते. प्रत्येक कोपऱ्यावर आतला कोन १२०, म्हणजे तिला ६० अंश वळावे लागते. बुडबुड्याला सहा बाजू असतील तर सहा कोपऱ्यांत ६ × ६० = ३६०, सगळे वळण संपले. बाजूंवरून चालताना एकूण वळण शून्य, म्हणजे बाजू सरळ तरी असतील किंवा काही बाहेर आणि काही आत वाकून हिशेब फिटलेला असेल. पाच बाजू असतील तर कोपऱ्यांत ३००च अंश झाले. उरलेले ६० बाजूंनी पुरवले पाहिजेत, म्हणून बाजू बाहेर फुगतात. सात बाजू असतील तर कोपऱ्यांत ४२० होतात. जास्तीचे ६० बाजूंनी परत करायचे, म्हणून त्या आत दबतात.

भिंत बाहेर फुगलेली असेल तर आतला दाब शेजारच्यापेक्षा जास्त. जितकी वक्रता जास्त तितका दाबातला फरक जास्त, आणि तितक्या वेगाने वायू भिंतीतून झिरपून पलीकडे जातो. सगळ्या भिंतींवरचा झिरपा एकत्र केला तर ती बाजूंच्या एकूण वळणाचीच बेरीज होते. ती बेरीज आपण आत्ताच काढली. म्हणून:

क्षेत्रफळ वाढण्याचा वेग = क × (बाजूंची संख्या − ६)

इथे 'क' हा त्या फेसाचा ठरलेला स्थिरांक. पाच बाजूंचा बुडबुडा क वेगाने आक्रसतो, चार बाजूंचा दुप्पट वेगाने, तीन बाजूंचा तिप्पट. आठ बाजूंचा दुप्पट क वेगाने वाढतो. सहा बाजूंचा आहे तसा राहतो. या सूत्रात बुडबुड्याचा आकार कुठेही येत नाही. तो किती लांबट आहे, किती वेडावाकडा आहे, मोठा आहे की लहान, काही नाही. फक्त शेजारी किती आहेत ते मोजायचे. मला स्वतःला हे सूत्र पहिल्यांदा वाचल्यावर खरे वाटले नव्हते. मुंगीला दोनदा फिरवल्यावर पटले. १९५६ मध्ये मलिन्स यांनी धातूच्या कणांनाही सपाटीत हाच नियम लागू पडतो हे दाखवले. तीन मितींतला तसाच अचूक नियम मात्र मॅकफर्सन आणि स्रोलोवित्झ यांनी २००७ मध्ये दिला. मधे पंचावन्न वर्षे गेली.

एक शंका इथे हुशार मुले काढतील. सरासरी बाजू सहाच असतात (मोठ्या जाळीत, कोपऱ्यावर तीनच भिंती असल्या की ऑइलरच्या सूत्रावरून हे निघते), मग बुडबुडे संपत गेले की सरासरी बिघडत नाही का? नाही बिघडत. तीन बाजूंचा बुडबुडा नाहीसा झाला की त्याच्या तिन्ही शेजाऱ्यांची एकेक बाजू कमी होते. त्याच्या स्वतःच्या तीन आणि शेजाऱ्यांच्या तीन, म्हणजे एकूण सहा बाजू गेल्या आणि एक बुडबुडा गेला. सरासरी सहाच राहिली. चार बाजूंचा नाहीसा झाला तर चारपैकी दोन शेजाऱ्यांची एकेक बाजू जाते, दोघांची तेवढीच राहते. चार आणि दोन, पुन्हा सहा. पण या घडामोडीत जो शेजारी सातचा सहा झाला तो वाढायचा थांबतो, आणि सहाचा पाच झाला तो आक्रसू लागतो. फेस शांत न बसण्याचे कारण हे.

संपूर्ण फेस किती वेगाने भरड होतो यावर मात्र बराच काळ वाद होता. अबोव्ह यांनी १९८० मध्ये स्मिथ यांची जुनी छायाचित्रे पुन्हा मोजली आणि सांगितले, की बुडबुड्याचा सरासरी व्यास वेळेच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे क्षेत्रफळ वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात. हे विचित्र होते. 'क' चे एकक आहे क्षेत्रफळ भागिले वेळ. फेस सुरुवात विसरून गेला असेल तर त्यात दुसरे कोणतेच माप उरत नाही, म्हणून सरासरी क्षेत्रफळ 'क' गुणिले वेळ याच प्रमाणात वाढले पाहिजे. केवळ एककांवरून निघणारी ही गोष्ट. मग छायाचित्रे खोटी का? ग्लेझियर, ग्रॉस आणि स्टॅव्हन्स यांनी १९८७ मध्ये आणि त्यानंतर स्वतः प्रयोग करून उलगडा केला. सुरुवातीचा फेस फार नीटनेटका, जवळजवळ सगळे षटकोन असा असेल तर बराच काळ तो हलतच नाही. मधूनच एखाद्या पाच-सातच्या जोडीपासून गडबड सुरू होते आणि पसरते. हा संक्रमणकाळ मोजला तर वाढ भलत्याच वेगाची भासते. पुरेसा वेळ थांबले की फेस सुरुवात विसरतो, आणि क्षेत्रफळ वेळेच्या सम प्रमाणात वाढू लागते. छायाचित्रे खरीच होती. निष्कर्ष घाईचा होता.

ही पार्श्वभूमी तयार असताना एका रेणूच्या जाडीचा फेस समोर आला. १९९० मध्ये भौतिकीच्या एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात, पाठोपाठच्या पानांवर दोन निबंध आले. एक स्टाइन, नोब्लर आणि सहकाऱ्यांचा, पेंटाडेकॅनॉइक आम्लाच्या थरातील फेसावर. दुसरा बर्ज, सायमन आणि लिबशाबेर यांचा, थरातील वायूच्या बुडबुड्यांच्या हालचालीवर. दोन्हींत प्रश्न एकच होता. साबणाच्या फेसासाठी, तोही धातूंच्या निमित्ताने काढलेला नियम इथेही चालतो का? बाजू मोजायच्या, क्षेत्रफळ मोजायचे, काही वेळाने पुन्हा मोजायचे. पाच बाजूंचे बुडबुडे आक्रसताना आणि सातचे वाढताना दिसले. हा थरही साबणाच्या फेसाच्याच कुळातला ठरला.

खरे पाहता हे इतके सरळ नव्हते. साबणाच्या फेसात भिंतीला पृष्ठताण असतो. इथे भिंत म्हणजे द्रव थराची पट्टी. तिच्या कडेला जो ताण असतो तो पृष्ठाचा नव्हे, रेषेचा. हा रेषाताण फारच क्षीण, न्यूटनच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपासचा. शिवाय या रेणूंचे विद्युत द्विध्रुव एका दिशेला तोंड करून असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. हे लोटणे प्रबळ झाले तर बुडबुडे वाढण्याऐवजी एका ठरावीक मापाला थांबतात किंवा त्यांच्या पट्ट्या होतात, आणि मग फॉन नॉयमन यांचा नियम तिथे लागू होत नाही. त्याखेरीज खालचे पाणी कधी स्थिर नसते. हवेच्या झुळकेने ते सरकते आणि मोजायचा बुडबुडा सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टीतून निसटून जातो. काचेच्या पेटीतल्या एवढ्याशा द्रोणीत ही अवस्था, तर उघड्या तलावावर काय होत असेल ते सांगायला नको.

या फेसाच्या अभ्यासाने तलावाचे पाणी वाचले, असे मी म्हणणार नाही. तसे झालेले नाही. पण थर दाबला नाही तर त्यात भोके पडतात, ती भोके आपणहून बुजत नाहीत, उलट लहान भोके मिटून मोठी आणखी मोठी होतात, हे आता कळलेले आहे. पुण्याच्या मंडळींनी पसरण्याचा वेग आणि दाब यांवर भर दिला होता, तो का योग्य होता हे यावरून चांगले ध्यानात येते.

वर्गात करायचा प्रयोग सोपा आहे. एक-एक वीत लांबीच्या दोन काचा घ्या, कडा घासून बोथट केलेल्या. सायकलच्या जुन्या ट्यूबची अरुंद पट्टी कापून तीन बाजूंना कडेने चिकटवा, म्हणजे काचांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट राहील. आत भांडी घासायच्या द्रवाचे थोडे पाणी घाला आणि बारीक नळीने फुंकून फट बुडबुड्यांनी भरा. चौथी बाजू मेणाने बंद करा. पेटी आडवी ठेवली तर भिंतींतले पाणी खाली ओघळत नाही. मागे पांढरा कागद धरून दर दहा मिनिटांनी मोबाईलने एकाच अंतरावरून छायाचित्र घ्या. मोबाईल नसेल तर काचेवर पारदर्शक कागद ठेवून पेनने जाळी गिरवा. हे जास्त चांगले, कारण गिरवताना बाजू आपोआप मोजल्या जातात. तीन, चार, पाच, सहा, सात बाजूंचे प्रत्येकी काही बुडबुडे निवडून आलेखाच्या कागदावर चौकटी मोजून क्षेत्रफळ काढा. एखादी भिंत फुटली तर ते निरीक्षण वेगळे ठेवा, कारण नियम झिरपण्याचा आहे, फुटण्याचा नाही. पाच बाजूंचा बुडबुडा नाहीसा होताना शेजाऱ्यांच्या किती बाजू कमी-अधिक होतात आणि सरासरी सहा कशी टिकते, हा हिशेब मुद्दाम इथे दिलेला नाही. तो मुलांनी स्वतःच्या जाळीवरून काढावा.